हेड उघडण्याआधी

चि. सायली हिस,


हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्या मध्ये बसणारा एक पातळ थर. मारुती 800 चा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे. तीन सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास 68.5 मिलिमीटर, स्ट्रोक 72 मिलिमीटर, मिळून 796 सीसी. सिलिंडरांच्या भोवती पाण्याच्या आणि ऑइलच्या वाटा आहेत. आतला जळता वायू, बाहेरचे पाणी आणि ऑइल या तिघांना एकमेकांत मिसळू न देणे हे गॅस्केटचे काम. ते सोपे नाही, कारण ॲल्युमिनियम तापले की बिडाच्या दुपटीने वाढते. मीटरभर लांबीची पट्टी 100 अंशांनी तापवली तर ॲल्युमिनियमची साधारण 2.3 मिलिमीटर वाढते आणि बिडाची जेमतेम 1.1. गाडी दर वेळी तापते आणि निवते तेव्हा ही ओढाताण गॅस्केट निमूटपणे सोसते.

चांगल्या स्थितीतल्या इंजिनात ते वर्षानुवर्षे सोसते. इंजिन बेसुमार तापले तर मात्र हेड कमानीसारखे वाकते, बोल्टांचा दाब कुठेतरी ढिला पडतो आणि तिथून जळता वायू गॅस्केट खात सुटतो. म्हणजे गॅस्केट सहसा आपणहून जात नाही, त्याला कोणीतरी घालवते. सायली, तुझ्या पत्रात गॅस्केटचा भाव आहे, ते कोणत्या दुकानात मिळते ते आहे, शनिवार-रविवारचा बेत आहे. कुंभार्ली घाटात गाडी मुळात का तापली, याबद्दल एक ओळ नाही. ते वाचून फार अस्वस्थ वाटले. आप्पांची मारुती 800 तू स्वतः उघडणार याचा आनंद आहेच, तो वेगळा.

गॅस्केट गेल्याची खात्री आधी करून घ्यावी लागते. इंजिन गार असताना रेडिएटरचे झाकण काढून गाडी सुरू केली आणि पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले, तर ज्वलनाचा वायू पाण्यात शिरतो आहे असे समजावे. कुठेही गळती नसताना पाणी कमी होणे, इंजिन पुरेसे तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरी वाफ येत राहणे, डिपस्टिकवर ऑइल दुधाळ चहासारखे दिसणे, या पुढच्या खुणा. शेवटच्या खुणेने पुष्कळ लोक फसतात. पावसाळ्यात गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालत असेल तर ऑइलच्या झाकणाखाली नुसत्या दमटपणानेही पिवळसर साय धरते. तेवढ्यावरून हेड उघडू नये. भरवशाचा उपाय म्हणजे कॉम्प्रेशन गेज. तिन्ही प्लग काढून एकेका सिलिंडरचा दाब मोजायचा. एखादा आकडा इतरांपेक्षा 1 बारहून अधिक कमी आला तर दोष आहे, आणि शेजारशेजारचे दोन्ही आकडे पडले असतील तर बहुधा त्या दोघांमधले गॅस्केट जळलेले असते.

आता इंजिन तापण्याची कारणे. रेडिएटर चोंदणे, पंखा किंवा त्याचा स्विच बंद पडणे, वॉटर पंपाचे पाते झिजणे, जुना होज फुटणे ही सगळ्यांना ठाऊक असतात. आपल्याकडे यांतल्या बऱ्याचशांच्या मुळाशी एकच सवय सापडते: रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरचे किंवा नळाचे पाणी ओतणे. दख्खनच्या काळ्या खडकातले भूजल बऱ्याच ठिकाणी जड असते. ज्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो तेच पाणी इंजिनात गेले तर तोच थर सिलिंडरांच्या भोवती आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरतो. थर धातूची उष्णता पाण्यापर्यंत पोहोचू देत नाही. तापमानाचा काटा मधेच दिसतो आणि आतले हेड मात्र भाजत असते.

दुसरे नुकसान याहून वाईट. ॲल्युमिनियम आणि बीड हे दोन वेगळे धातू क्षारयुक्त पाण्याने जोडले की तिथे बॅटरीसारखी क्रिया चालू होते आणि त्यात ॲल्युमिनियम झिजते. पाण्याच्या वाटांच्या कडा कुरतडल्यासारख्या होतात, आणि अशा कडेवर नवे कोरे गॅस्केटही बसत नाही. कूलंटमध्ये ग्लायकोल असते तसे गंज रोखणारे पदार्थही असतात, आणि खरे रक्षण तेच करतात. पाणी शंभर अंशांना उकळते म्हणून कूलंट घालायचे, असे जे सांगितले जाते ते अर्धेच खरे आहे. रेडिएटरच्या झाकणाने 0.9 बार दाब धरला तर साधे पाणीही 118 अंशांच्या आसपास उकळते. गंज आणि क्षार यांना मात्र झाकण अडवू शकत नाही. म्हणून कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात, आणि डब्यावर सांगितलेल्या मुदतीत बदललेले. यात तडजोड नाही. बाहेर थंडी असो वा वैशाख, यात तडजोड नाही.

तिसरी गोष्ट थर्मोस्टॅटची. ‘आपल्या हवेत याची गरज नाही’ असे म्हणून तो काढून फेकण्याची रीत गॅरेजांतून अजून चालू आहे, आणि आप्पांच्या गाडीतला कोणी काढला हे तुला ठाऊक आहे. थर्मोस्टॅट साधारण 82 अंशांना उघडतो आणि तोवर पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही, त्यामुळे इंजिन लवकर कामाच्या तापमानाला येते. तो नसला की इंजिन बराच वेळ गार राहते, पेट्रोल नीट जळत नाही, न जळलेले पेट्रोल सिलिंडरची भिंत धुऊन ऑइलमध्ये उतरते आणि रिंगा झिजतात. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट नसल्यामुळे पाणी रेडिएटर टाळून आडवाटेने फिरत राहते आणि घाटात नेमके उलटे होते, गाडी जास्त तापते. थर्मोस्टॅट पातेल्यातल्या गरम पाण्यात टांगून, थर्मामीटर लावून घरी तपासता येतो. तेवढे दहा मिनिटांचे काम न करता हेड उतरवणारे लोक पाहिले की फार वाईट वाटते.

कारण सापडल्यावर उतरवणीकडे वळावे. इंजिन रात्रभर गार झालेले असावे. गरम हेडचे बोल्ट सैल केले तर ते तिथेच वाकते. बॅटरीची निगेटिव्ह वायर सर्वांत आधी काढावी. कार्ब्युरेटरकडे जाणारी पेट्रोलची नळी सोडताना आसपास निखारा, उदबत्ती, उघडा दिवा काहीही नको. पाणी काढताना बादली झाकून ठेवावी: कूलंट चवीला गोड असते आणि त्यातले एथिलिन ग्लायकोल कुत्र्या-मांजरांना आणि लहान मुलांना मारू शकते. तुमच्या अंगणात दोन्ही आहेत. गाडी उचलावी लागली तर नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नये, दोन्ही बाजूंना लोखंडी घोड्या लावाव्यात. विटा, दगड आणि लाकडाचे ओंडके यांवर गाडी टेकवून खाली शिरणे ही जीव घालवण्याची रीत आहे. हे काम एकट्याने करू नये.

प्रत्येक होज आणि वायर काढण्याआधी फोटो घ्यावा आणि दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून एकच आकडा लिहावा. नट-बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत घालावेत, पिशवीवर जागेचे नाव. ही कामे कंटाळवाणी वाटतात, पण नवशिक्याचे इंजिन परत जुळते ते याच चिठ्ठ्यांच्या जोरावर. एक्झॉस्टचे नट गंजलेले असतात. त्यांवर आदल्या दिवशी गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे, आणि डोके गोल होईल असा घासलेला पाना वापरू नये. मग क्रँकची पुली फिरवून टायमिंगच्या खुणा जुळवाव्यात, बेल्ट काढावा. हेडचे बोल्ट कडेकडून मध्याकडे, एका दमात नव्हे, दोन-तीन फेऱ्यांत थोडे थोडे सैल करावेत. हेड चिकटून बसले तर दोन यंत्रित पृष्ठभागांच्या मध्ये स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटू नये. तिथला एक ओरखडा पुढे गळतो. खाली ठेवताना हेड लाकडाच्या ठोकळ्यांवर ठेवावे, कारण काही व्हॉल्व्ह उघडे असतात आणि त्यांची टोके बाहेर डोकावतात.

जुन्या गॅस्केटचे अवशेष प्लास्टिकच्या किंवा पितळी खरवडणीने काढावेत. पॉलिश पेपरची चकती मशीनला लावू नये. तिची धूळ ऑइलच्या वाटांत शिरून बेअरिंग खाते. त्यानंतर सगळ्या कामातला सर्वांत मोलाचा क्षण येतो. पोलादी सरळ पट्टी हेडच्या तळावर लांबीने, रुंदीने आणि दोन्ही कर्णांवर उभी धरायची आणि खालून फिलर गेजचे पाते सरकवून पाहायचे. 0.05 मिलिमीटरचे पाते कुठेही आत शिरले तर हेड वाकले आहे, ते फेसिंगला द्यायचे. ब्लॉकचा वरचा भागही असाच तपासायचा. हे मोजमाप टाळून बसवलेले नवे गॅस्केट पुढच्या घाटापर्यंत टिकते. मशीन शॉपमध्ये द्यायचेच झाले तर हेडला चीर आहे का तेही तिथेच पाहून घ्यावे.

जुळवताना ब्लॉकमधली बोल्टांची भोके कोरडी करावीत. तळाला पाणी किंवा ऑइल राहिले आणि वरून बोल्ट दाबला तर तो द्रव दबत नाही, ब्लॉकच तडकतो. गॅस्केटवर वरची बाजू छापलेली असते, ती पाहूनच ते बसवावे. बोल्ट मध्यापासून बाहेरच्या बाजूंना, तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचने. आकडा ऐकीव नको. त्याच वर्षाच्या, त्याच इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला हवा. ही गाडी 1983 पासून 2014 पर्यंत बनत राहिली आणि मधल्या काळात कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आले, त्यामुळे एकाचा आकडा दुसऱ्याला लावता येत नाही. हातच्या अंदाजाने आवळणारे जुने मिस्त्री आहेत, पण त्यांचा हात हजारो बोल्टांनी घडलेला असतो. टायमिंग बेल्ट उतरवलाच आहे तर नवा घालावा. खुणा जुळवल्यावर प्लग न लावता क्रँक पान्याने दोन पूर्ण फेरे हाताने फिरवावा. कुठे अडले तर जोर न लावता थांबावे, खुणा पुन्हा पाहाव्यात. त्यानंतर टॅपेट जुळवावेत.

ऑइल आणि फिल्टर नवे, कूलंट हवा काढत काढत भरलेले. गाडी सुरू झाल्यावर काटा, होज आणि पंखा यांवर नजर ठेवावी. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये. दाबाखालचे पाणी एका क्षणात वाफ होऊन चेहऱ्यावर येते, आणि अशा भाजलेल्या लोकांना पाहिलेला माणूस ही गोष्ट विसरत नाही. ऑइलमध्ये आधी पाणी गेले असेल, तर 500 किलोमीटरनंतर ते पुन्हा बदलावे. तोवर रोज सकाळी गार इंजिनावर कूलंटची पातळी पाहावी.

टॉर्क रेंच नवा घेऊ नकोस, इथला घेऊन जा. कुरिअरने पाठवणार नाही, आपटला की त्याचा आकडा बिघडतो. न्यायला आलीस की नवा थर्मोस्टॅटही घेऊन ये, पातेल्यात टांगून दोघे मिळून पाहू. आणि नवे गॅस्केट बसले तरी पहिले 500 किलोमीटर कुंभार्ली चढू नकोस, एकटीने तर नाहीच.

तुझा,
मामा