पाठीमागचा किनारा

वल्हवणाऱ्याची एक गंमत आहे. ज्या किनाऱ्याकडे तो निघालेला असतो, त्याच्याकडे त्याची पाठ असते. डोळ्यांसमोर असतो तो सोडून आलेला किनारा. पुढचे सारे विश्वासावर!

गेल्या जानेवारीत बोरिवलीच्या गोराई धक्क्यावरून मनोरीपर्यंत आम्ही दोघे एका छोट्या रबरी होडीतून खाडीने गेलो, तेव्हा हे मला उमगले. हेतू साधा होता. आपल्या महाविद्यालयातील अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तके ध्वनिमुद्रित करायची होती आणि त्यासाठी निधी हवा होता. प्रवास पुरा झाला तर देणगी, असे दात्यांनी कबूल केले होते.

माझा जोडीदार स्वतः अंध. सुरुवातीला साऱ्यांनीच त्याला नको म्हटले. तो म्हणाला, “पैसे आमच्यासाठी जमवायचे आणि आम्ही काठावर बसून टाळ्या वाजवायच्या? सर, वल्हवणारा पुढे बघतच नाही. मग याच्या पाठीत आणि माझ्या पाठीत फरक काय?” सर हसले. तो माझ्याहून चांगला पोहतो, हेही त्यांना ठाऊक होते. परवानगी मिळाली.

ओहोटी लागताच आम्ही निघालो. सोबतीला मागून एका कोळीदादांची यांत्रिक होडी होती. दोन्ही काठांना तिवरांची दाटी, चिखलात बगळे, आणि मागे विपश्यना पॅगोडाचा सोनेरी घुमट. किती वल्हवले तरी तो जागचा हलतच नाही, असे वाटे. तो वल्हवी तेव्हा मी त्याचे डोळे होई. मी वल्हवी तेव्हा तो कानाने, नाकाने वाट सांगे.

अर्ध्या वाटेवर समोरून वारा सुटला. रबरी होडी हलकी. वारा तिला पानासारखी फिरवू लागला. दादांनी हाक दिली, “दोर टाकू काय रे पोरांनो?” माझे हात भरून आले होते. पण मी तोंड उघडण्याआधीच मित्र म्हणाला, “नको दादा!”

त्या क्षणी मला आलँ बोंबार आठवला. हा फ्रेंच डॉक्टर. बुडालेल्या खलाशांची प्रेते पाहून त्याला प्रश्न पडला, की जहाज फुटल्यावर माणसे भुकेतहानेने मरतात, की धीर सुटल्याने? उत्तर शोधण्यासाठी १९५२ च्या ऑक्टोबरात, साडेचार मीटरच्या रबरी होडीला शीड लावून, कॅनरी बेटांवरून तो एकटा अटलांटिकमध्ये शिरला. मासे, माशांचा रस आणि पावसाचे पाणी यांवर जगला. डिसेंबरात त्याला ‘अराकाका’ हे जहाज भेटले. आपण समजत होतो त्याहून किनारा शेकडो मैल दूर आहे, हे तेथे कळले. जहाजावरच राहता आले असते. थोडेसे जेवून तो पुन्हा होडीत उतरला, आणि एकूण ६५ दिवसांनी, २३ डिसेंबरला, बार्बाडोसला लागला. मध्येच थांबला असता तर त्याला कोणी दोष दिला नसता. पण उद्या समुद्रात सापडणाऱ्याला धीर देणारा पुरावा उरला नसता.

आमची खाडी कुठे आणि अटलांटिक कुठे! पण दोर घेतला असता तर लोक म्हणाले असते, ‘अंध होता ना बिचारा!’ त्या एका शब्दासाठी आम्ही वल्हवत राहिलो.

शेवटच्या टप्प्यात वल्ही माझ्या हातात होती. मित्र नाक वर करून बसला होता. “बोंबील वाळत घातलेत. जवळ आलो,” तो म्हणाला. मी मान वळवणार तोच पुन्हा म्हणाला, “थांब. पाणी दगडावर आपटतंय.” मी वल्ही उचलली. होडी हलकेच धक्क्याला टेकली. मनोरीला तो माझ्याआधी पोहोचला होता.

निधी जमला. आता दर शनिवारी ग्रंथालयामागच्या खोलीत वाचन चालते. मी वाचू लागलो की मित्र मध्येच थांबवतो, “उच्चार चुकला. पुन्हा वाच.” मदत कोण कोणाला करतो आहे, कोण जाणे! पुस्तके पुष्कळ आहेत आणि आवाज थोडे. मित्रहो, शनिवारी या.