आधी एक वाडा मोजा

गडकिल्ल्यांवर प्रेम करायला माझी काही हरकत नाही. पण परदेशातल्या वारसा-जतनाच्या इंटर्नशिपसाठी लिहिलेला निबंध ‘लहानपणी बाबांचं बोट धरून रायगड चढले, तेव्हापासून’ असा सुरू झाला, की मी पहिल्याच ओळीला थबकते. थंडी पडायला लागली की असे निबंध माझ्याकडे येतात. मुलं त्याला एसओपी म्हणतात आणि शिफारसपत्राला रेको. ‘मॅडम, एसओपी जरा बघता का? आणि रेको शुक्रवारपर्यंत हवं होतं.’ शुक्रवार बहुधा उद्यावर असतो.

त्या निबंधांत वैभवशाली परंपरा असते, समृद्ध वारसा असतो, हरवत चाललेली ओळख असते. नसते ती एखादी भिंत. कुठल्या गावातली, किती जाडीची, कशानं फुगलेली, याचा पत्ता नसतो. निवडणारी माणसं दूरदेशी बसलेली. त्यांच्यापुढे पेरूपासून पोलंडपर्यंतचे अर्ज आलेले असणार आणि त्या प्रत्येकात कुणी ना कुणी लहानपणी कुठला तरी गड चढलेलं असणार. वारशावर प्रेम आहे हे त्यांनी गृहीतच धरलेलं असतं. या मुलीला इमारत बघता येते का, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं असतं.

म्हणून रेको मागायला आलेल्याला मी आधी विचारते, तू कुठली इमारत ओळखतोस? ‘आवडते’ असं नाही विचारत. ओळखतोस? बऱ्याच जणांना शनिवारवाडा आठवतो. मग मी चहा मागवते.

वाईकडच्या एका मुलीनं मात्र वेगळं उत्तर दिलं होतं. तिचं आजोळ म्हणजे दोन चौकी वाडा, त्यातला मागचा चौक पडलेला. मे महिन्याच्या सुट्टीत तिनं पुढचा चौक मोजायला घेतला. मोजता मोजता ओसरीच्या दोन खांबांवर, गुडघ्याच्या उंचीला, कुसू बसण्यासाठी कोरलेल्या खाचा दिसल्या. रिकाम्या. वर पाहिलं तर त्याच खणातल्या तुळईलाही तसल्याच खाचा. जिना आज वाड्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. तो कधी काळी इथे असला पाहिजे. मग तिनं माडीवरची तक्तपोशी तपासली. त्या खणातल्या फळ्या रुंदीला वेगळ्या, खिळे वेगळे. जिना काढल्यावर भोक बुजवलेलं. आजीला विचारलं तर आजी म्हणाली, ‘वाटण्या झाल्या तेव्हा हलवला म्हणतात.’ तिच्या निबंधात एवढंच होतं: खाचा, फळ्या, आजीचं वाक्य, आणि शेवटी अजून न सुटलेला एक प्रश्न. मला रेकोत ‘हुशार, मेहनती, नम्र’ असलं काही लिहावंच लागलं नाही. जिना तिनं कसा शोधला ते लिहिलं. तिची निवड झाली.

अशा जागांपैकी अमेरिकेतली वाट मला जवळून ठाऊक आहे, कारण तरुणपणी मी त्याच वाटेनं गेले. यूएस-इकोमॉस ही संस्था 1984 पासून तरुण वास्तुविशारदांची, इतिहास शिकलेल्यांची उन्हाळी देवाणघेवाण करत आली आहे. त्यातल्या कित्येकांच्या वाट्याला ‘हॅब्स’चं काम येतं. हॅब्स म्हणजे हिस्टॉरिक अमेरिकन बिल्डिंग्ज सर्व्हे. अर्ज करणाऱ्यानं याचा जन्म कसा झाला हे वाचून जावं, कारण त्या कामाचा स्वभाव त्यात आहे. 1933 साल, महामंदी. घरं बांधणंच थांबल्यामुळे वास्तुविशारद रस्त्यावर आले होते. नॅशनल पार्क सर्व्हिसमधल्या चार्ल्स पीटरसन या तरुण अधिकाऱ्यानं नोव्हेंबरात वरिष्ठांना एक टिपण लिहिलं: हजारभर बेकार वास्तुविशारदांना दहा आठवडे काम द्या आणि जुन्या इमारती पडायच्या आत त्यांच्याकडून मोजून घ्या. काही आठवड्यांतच काम सुरू झालं. आपल्याकडच्या दुष्काळी कामांतून रस्ते आणि तलाव झाले, त्यांच्याकडे नकाशे झाले. पीटरसनच्या टिपणात सार्वजनिक इमारतींइतकीच धान्याची कोठारं, पूल, गिरण्या होत्या, हे मला विशेष वाटतं. ते नकाशे, छायाचित्रं आणि लिखित इतिहास लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत, आणि घरबसल्या फुकट पाहता येतात. अर्ज भरण्यापूर्वी त्यातले पन्नासेक पाहा. वहीवरची कच्ची मापंसुद्धा तिथे जपून ठेवतात.

मला मिळाली होती पेनसिल्व्हेनियातली पिठाची एक जुनी दगडी गिरणी. पाणचक्कीवर चालणारी, कधीच बंद पडलेली. तिथे शिकलेली सगळ्यात मोठी गोष्ट मला कुठल्याही कॉलेजनं शिकवली नव्हती: जे मोजलं नाही ते काढायचं नाही. एका बाजूचा पाया मातीखाली होता. आमच्याकडची सवय अशी, की डावीकडे जसा दिसतो तसा उजवीकडेही असणार, म्हणून रेघ ओढून मोकळं व्हायचं. तिथे कागदावर ती जागा कोरी राहिली आणि शेजारी लिहिलं गेलं, ‘पोहोचता आलं नाही.’ हॅब्सचे नकाशे पाचशे वर्षं टिकावेत अशा कागदावर आणि शाईनं करायची शिस्त आहे. पाचशे वर्षांनी कुणी त्या रेघेवर विसंबून भिंत उभी करणार असेल, तर आपण आज अंदाजानं रेघ ओढू नये, इतकं सरळ गणित.

मापं घेण्याची रीतही तशीच. खिडकी किती, मग मधली भिंत किती, मग पुढची खिडकी किती, असं तुकड्या-तुकड्यानं मोजलं की प्रत्येक तुकड्यातली बारीक चूक पुढे वाहत जाते आणि शेवटच्या कोपऱ्यात वीतभर फरक निघतो. म्हणून टेप एका टोकाला अडकवायची आणि सगळी मापं त्याच शून्यापासून वाचायची. खोली काटकोनात आहे असं कधीच मानायचं नाही. दोन्ही कर्ण मोजायचे. जमीन सपाट आहे असंही मानायचं नाही. पाण्याच्या नळीनं भिंतीवर एक समपातळी रेघ मारायची आणि खालवरची मापं त्या रेघेपासून घ्यायची. यातलं नळीचं काम मी आमच्या गवंड्यांकडून आधीच शिकून गेले होते, त्यामुळे तिकडे थोडा भाव खाता आला.

भाव खाण्याची दुसरी संधी चुन्यानं दिली. त्या गिरणीच्या दगडांमधल्या दरजा मूळच्या चुन्याच्या होत्या. मागाहून कुणीतरी त्या खरवडून सिमेंटनं भरल्या होत्या. दगडाचा पृष्ठभाग पापुद्र्यांनी सुटत होता. हे दुखणं मी पुण्यात, वाईत, साताऱ्यात पाहिलेलं. जमिनीतला ओलावा भिंतीत चढतो आणि चुन्याच्या दरजांतून, गिलाव्यातून वाळून जातो. सिमेंट त्याला वाट देत नाही. मग पाणी विटेच्या नाहीतर दगडाच्या अंगातून बाहेर पडू बघतं, सोबतचे क्षार तिथेच साठतात, फुलतात आणि पृष्ठभाग फोडतात. वाड्यात तर याहून वाईट. तिथे भार लाकडी सांगाड्यावर असतो, आणि बाहेरून सिमेंटचा गिलावा मारला की भिंतीत गेलेली तुळईची टोकं आतल्या आत कुजतात. वरून वाडा नवाकोरा दिसतो. गटातल्या अमेरिकन मुलांनी हे पुस्तकात वाचलं होतं. मी मळलेल्या चुन्यात हात घातलेला होता, चुना किती दिवस मुरला की हाताला लोण्यासारखा लागतो हे मला माहीत होतं. आपल्या मुलांना आपलं हे भांडवल दिसतच नाही. साइटवर गवंड्याबरोबर घालवलेला महिना ती बायोडेटात शेवटी एका ओळीत कोंबतात आणि सॉफ्टवेअरची यादी अर्धं पान खाते.

पोर्टफोलिओचंही तेच. चकचकीत थ्रीडी चित्रं, त्यात संध्याकाळचं आकाश आणि चालणारी गोरी माणसं. त्याऐवजी मापांच्या वहीचं एक मळकं पान लावा, ज्यावर खाडाखोड आहे, बाण आहेत, कोपऱ्यात ‘इथे वाळवी’ लिहिलंय. हल्ली लेझर स्कॅनर आले आहेत, एका दिवसात कोट्यवधी बिंदू टिपतात, आणि मी त्यांच्या विरोधात मुळीच नाही. पडायला आलेल्या भिंतीजवळ शिडी लावण्यापेक्षा ते बरं. पण स्कॅनरनं त्या वाईच्या वाड्यातल्या रिकाम्या खाचा इमानदारीनं टिपल्या असत्या आणि तो पुढे गेला असता. जिना हलवलाय हे त्याला कळलं नसतं.

ही वाट फक्त वास्तुविशारदांची आहे हा समजही काढून टाका. हॅब्सच्या नोंदीत लिखित इतिहास असतो म्हटलं, तो लिहायला इतिहासाची मुलं लागतात. मोडी वाचता येणारा, पेशवे दफ्तरात बसून एका घराण्याच्या कागदांमागे लागलेला विद्यार्थी हा कुठल्याही देशात कामाचा माणूस आहे. तिथे त्याला मोडी उपयोगी पडणार नाही, पण खरेदीखत, वाटणीपत्र आणि जमाखर्चातून घर कसं वाचायचं हे तो शिकलेला असतो. गंमत म्हणजे मोडीवाली मुलं अर्ज करायलाच लाजतात.

अमेरिकेचं खूळ नसेल तर इतर दारं आहेत. विल्यम मॉरिसनं 1877 मध्ये लंडनला जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली, तिची शिष्यवृत्ती 1930 पासून चालू आहे. तिच्यात तरुणांना गावोगाव फिरवून कारागिरांच्या हाताखाली शिकवतात. नव्यासारखं करू नका, रोज थोडी डागडुजी करा, हे मॉरिसचं म्हणणं मला अजूनही पटतं. रोमला इक्रोम ही वारसा-जतनाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे. ती स्थापन करायचा ठराव 1956 मध्ये दिल्लीत, युनेस्कोच्या परिषदेत झाला, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. कुठलंही दार असलं तरी जागा आणि अटी वर्षागणिक बदलतात. सीनियरनं सांगितलं म्हणून धरून चालू नका, त्या वर्षीचं पत्रक स्वतः वाचा.

पैशांबद्दल थोडक्यात: विद्यावेतन मिळालं तर ते खोलीभाड्याला आणि ब्रेडला पुरतं. विमानाचं भाडं कोण देणार हे आधीच विचारा, विचारण्यात कमीपणा नाही. व्हिसाला वेळ लागतो, आणि आपल्या विद्यापीठांच्या गुणपत्रिकांना त्याहून जास्त. त्यांचा उन्हाळा म्हणजे आपला पावसाळा, तेव्हा इथे चुन्याची कामं तशीही थांबलेली असतात. एवढी एक सोय नशिबानं जुळलेली आहे.

परत येऊन काय करणार, असा प्रश्न अर्जात बहुतेक असतोच. मुलं तिथे संग्रहालय उभारतात, गाव दत्तक घेतात. माझ्या मते ‘परत आल्यावर आजोळच्या वाड्याचा मागचा चौक, जेवढा उरलाय तेवढा, मोजीन’ हे उत्तर पुरेसं आहे. अमेरिकनांनी न्यू यॉर्कचं पेन स्टेशन 1963 मध्ये पाडायला घेतलं आणि त्या हळहळीतून 1966 चा जतनाचा कायदा आला. मुंबईनं आपली वारसा नियमावली 1995 मध्ये केली. पण कायद्याच्या यादीत न आलेले वाडे पुण्यात, नाशकात, वाईत रोज उतरतात, आणि त्यांचा एक नकाशाही मागे राहत नाही.

आता जी अडचण मुलांच्या हातात नाही, ती सांगते. मोजायला वाडा मिळत नाही. विद्यार्थी दारात टेप घेऊन उभा राहिला की मालकाला वाटतं हा पालिकेचा माणूस, भाडेकरूला वाटतं मालकाचा, आणि भाऊबंदकी असेल तर दोघांनाही वाटतं की हा बिल्डरचा. दार लागतं. एक मोजणी म्हणजे वारसा यादीत नाव जाणं नव्हे, पुनर्विकास अडणंही नव्हे. तो नकाशा हवा तर तुम्हालाही मिळेल, आणि घर पाडायचंच ठरलं असेल तरी पाडण्याआधी तो होऊ द्या. हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरी, आजोळी, सासरी जुना वाडा उभा आहे, त्यांनी या मे महिन्यात जवळच्या आर्किटेक्चर किंवा इतिहासाच्या विभागाला एक फोन करावा आणि चार दिवस दार उघडं ठेवावं. माळ्यावरचा दिवा चालू असेल तर उत्तम. शिडी मुलं घेऊन येतील.