तारेवरचें पाकीट

‘जप्ती’ हा शब्द आमच्या घराण्यांत आजवर दुसऱ्यांच्या संबंधांतच उच्चारला जात असे. ज्यांनीं उभ्या आयुष्यांत वाण्याची उधारी महिन्यापलीकडे जाऊं दिली नाहीं, अशा एका सरकारी कारकुनाचे आम्ही चिरंजीव. तेव्हां तो शब्द आपल्या नांवापुढें लागेल हें आमच्या स्वप्नांतहि आलें नव्हतें. परंतु २०१९ सालच्या जानेवारींत तो लागला. त्यापासून आम्ही जें शिकलों तें इतर गृहस्थांच्याहि उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून ही हकीकत सांगत आहों.

मातुश्रींच्या डोळ्यांतील मोतीबिंदू काढावयाचे ठरलें होतें. रुग्णालयास दिलेला धनादेश दुसऱ्याच दिवशीं परत आला. कांहीं तरी चुकलें असेल म्हणून आम्ही बँकेंत गेलों. व्यवस्थापकांनीं दार लोटून घेतलें, खुर्ची पुढें केली आणि हलक्या आवाजांत सांगितलें, “साहेब, आपल्या खात्यावर आयकराची वसुलीनोटीस आली आहे. सदतीस हजार रुपये. पैसे अद्याप पाठविलेले नाहींत, पण खातें थांबविणें आम्हांस भाग आहे.”

तें खातें आमचें व मातुश्रींचें संयुक्त होतें. त्यांत आमचा पगार येई, आणि वडिलांच्या मागें मातुश्रींना मिळणारी पेन्शनहि तेथेंच जमा होई. घरीं येऊन सारें सांगितलें, तेव्हां मातुश्रींनीं एवढेंच विचारलें, “म्हणजे माझेहि पैसे अडकले का रे?” त्या प्रश्नांत राग नव्हता; असता तर बरें झालें असतें. शस्त्रक्रियेचे पैसे अखेर आमच्या सौभाग्यवतींनीं आपल्या शिकवण्यांच्या शिलकेंतून भरले. त्यांनीं तोंडांतून अवाक्षर काढलें नाहीं, हेंच आम्हांस फार लागलें.

त्या वेळीं लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्याच्या २२६ व्या कलमानें अधिकाऱ्यास असा अधिकार होता कीं, थकबाकीदाराचे पैसे ज्याच्यापाशीं असतील त्यालाच, मग तो ऋणको असो वा बँक, ते सरकारांत भरण्याविषयीं फर्मावावें. खातें संयुक्त असल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, उभयतांचे वांटे समान धरले जात. नोटिशीची प्रत करदात्याच्या शेवटच्या ठाऊक असलेल्या पत्त्यावर धाडीत. आमचा तो पत्ता म्हणजे २०१६ सालीं पाडलेला जुना वाडा! ई-मेलनें गेलेलीं पत्रें तर आमच्या करसल्लागारांच्या एका कारकुनाच्या पत्त्यावर जात होतीं, आणि तो कारकून केव्हांच नोकरी सोडून गेला होता. ‘आम्हांला कोणी कळविलेंच नाहीं’ ही आमची तक्रार अशी निम्मीच खरी ठरली. कळविलें होतें, तें ऐकूं येईल अशा जागीं आम्ही उभे नव्हतों.

आतां मूळ कर कसला? २०१४-१५ सालीं एका शिक्षणसंस्थेसाठीं आम्हीं पाठ्यपुस्तकाचें काम केलें. मानधन २,४०,००० रुपये. पैकीं दहा टक्के, म्हणजे २४,००० रुपये, संस्थेनें मुळांतच कापून घेतले. आमच्या विवरणपत्रांत ते आम्हीं दाखविले. परंतु सरकारदप्तरीं, म्हणजे २६एएस या उताऱ्यांत, आमच्या नांवावर ती रक्कम नव्हती. मार्च २०१६ मध्यें मागणी निघाली. भरण्याची मुदत तीस दिवसांची. ती टळली कीं दरमहा शेंकडा एक व्याज. जुन्या व्याजासह आंकडा फुगत सदतीस हजारांवर गेला.

कागद शोधूं लागलों, तेव्हां मातुश्री आपल्या ट्रंकेंतून एक तार घेऊन आल्या. वडील सर्व पावत्या अशाच तारेंत ओवून ठेवीत. वाडा सोडतांना ती अडगळ म्हणून आम्हीं हंसून टाकूं म्हटलें होतें. “मला आतां वाचतां येत नाहीं,” त्या म्हणाल्या, “पण गोल शिक्का असलेलें कांहीं आलें कीं ओवून ठेवतें.” त्या तारेवर संस्थेचें एक पाकीट होतें. २०१५ च्या जूनमधलें, आणि न फोडलेलें! वर नांव आमचें. आंत करकपातीचें प्रमाणपत्र मात्र भलत्याच गृहस्थाच्या नांवाचें. आमच्या दहा अक्षरी पॅन क्रमांकांतील आठाचा संस्थेंत तीन झाला होता, आणि आमचे चोवीस हजार चार वर्षें एका अनोळखी माणसाच्या खातीं जमा दिसत होते.

संस्थेनें चूक कबूल करून दुरुस्त त्रैमासिक विवरणपत्र दाखल करण्याचें लेखी दिलें. तें पत्र, तें प्रमाणपत्र, बँकेचा उतारा व अर्ज घेऊन आम्ही कचेरींत गेलों. भांडणाची तयारी करूनच गेलों होतों. पण अधिकाऱ्यांनीं सारे कागद शांतपणें वाचले. कापलेला कर कापणाऱ्याच्या चुकीपायीं पुन्हां त्याच माणसाकडून वसूल करूं नये, अशा अर्थाचे आदेश २०१५ व २०१६ सालीं निघालेलेच होते. ते म्हणाले, “एकच कर दोनदां घेण्याचा आम्हांला अधिकार नाहीं. पण आपण बोलल्यावांचून आम्हांस कळावें कसें?” चौथ्या दिवशीं नोटीस मागें घेतली गेली, दुरुस्तीच्या अर्जावरून मागणी शून्य व्हावयास मात्र दोन महिने लागले.

२०२५ सालीं संमत झालेल्या नव्या आयकर कायद्यानें कलमांचे आंकडे बदलले, तरी वसुलीची रीत मुळांत तीच आहे. म्हणून वाचकांस विनंती कीं, आपल्या कराच्या नोंदींत पत्ता व ई-मेल स्वतःचाच असूं द्यावा. वर्षांतून एकदां तरी करकपातीचा उतारा स्वतः ताडून पाहावा. मागणी चुकीची असेल तर तीस दिवसांच्या आंत तसें लेखी कळवावें. खरी असेल पण झेपत नसेल, तर हप्ते मागावेत. हप्ते मागण्यांत अप्रतिष्ठा नाहीं, मौनांत आहे. वसुली पगारावर आली तरी सारा पगार जात नाहीं. दिवाणी कायद्याच्या ६० व्या कलमानें पगाराचे पहिले एक हजार रुपये व उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित राहतात.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर मातुश्रींनीं ती तार मागून घेतली आणि तीवरचा एकेक कागद खिडकीपाशीं धरून वाचून पाहिला. हल्लीं टपाल आलें कीं त्या आधीं वाचतात, मग ओवतात, आणि पाकीट आमच्या हातीं देतांना म्हणतात, “फोडून दिलें आहे हो.”