विठ्ठल फाइलीत नाही

३ मार्च, सोमवार

सकाळी सकाळी पतसंस्थेच्या व्यवस्थापकसाहेबांचा फोन. मुख्य शाखा हलली. कर्ज मागणी अर्जावर पत्ता 'मारुती मंदिराजवळ' असा आहे, तिथं 'विठ्ठल मंदिरासमोर' करायचं. "एक ओळ तर आहे हो, पाच मिनिटांचं काम!" शिवाय जामीनदाराला मोबाइलवरच माहिती भरता यावी म्हणून तिसऱ्या पानावर रकाने हवेत. मार्चअखेर तोंडावर, त्यामुळं हो म्हणून बसलो. मूळ टेम्प्लेट मागितलं तेव्हा कळलं, ते आधीच्या प्रोग्रामरबरोबर गेलं. हातात उरलीय ती फक्त तयार झालेली चार पानी पीडीएफ.

४ मार्च

फाइल क्यूपीडीएफनं उसवून पाहिली. आत 'मारुती' हा शब्दच सापडेना. असतात ते फॉन्टमधल्या आकारांचे क्रमांक आणि कुठला आकार पानावर कुठं ठेवायचा याचे आकडे. शोधा आणि बदला म्हणायला शब्द तर हवा! जुन्या छापखान्यात खिळे जुळवून पान आवळल्यावर मालकानं एक शब्द वाढवायला सांगितला की कंपोझिटरचं जे व्हायचं, ते माझं झालं.

तरी चिकाटीनं क्रमांक हुडकले, तर पुढची गंमत. जागा वाचावी म्हणून फाइलीत अख्खा फॉन्ट भरत नाहीत, वापरलेले आकार तेवढेच. फॉन्टच्या नावाआधी सहा कॅपिटल अक्षरं आणि अधिकचं चिन्ह दिसलं की ओळखायचं. अर्जात 'ठेव' आहे, 'ठराव' आहे, म्हणून ठ आहे. पण या फॉन्टात 'ठ्ठ' हा वेगळा आकार, आणि चार पानांत तो कुठंच लागलेला नव्हता. पांडुरंगालाच जागा नाही.

संध्याकाळी कंटाळून पांढरी पट्टी टाकली आणि वर नवी ओळ ठेवली. दिसायला बेस. मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवला, तर खालचा मारुती जसाच्या तसा बाहेर, मंदिराची वेलांटी तेवढी भलतीकडं. २०१९ साली अमेरिकेत पॉल मॅनाफोर्टच्या वकिलांनी कोर्टात दिलेल्या कागदावर काळ्या पट्ट्या अशाच नुसत्या वर ठेवल्या होत्या आणि पत्रकारांनी खालचं वाचून काढलं होतं. आमच्या पत्त्यात गुपित काही नाही, पण सवय वाईट. पट्टी काढून टाकली. अर्ज लिबरऑफिसमध्ये नव्यानं बसवायचा. साहेबांना अजून सांगितलेलं नाही.

६ मार्च

मी अर्ज बसवतोय तोवर आमची ट्रेनी मुलगी जुन्याच पानावर कोडनं रकाने टाकायचा सराव करत होती. सगळ्यात वरचा रकाना सगळ्यात खाली. "सर, पान उलटं आहे का?" उलटं नाही. आपण माथ्यापासून मोजतो, पीडीएफ डाव्या खालच्या कोपऱ्यापासून. एका इंचाला ७२ पॉइंट, ए-फोरची उंची ८४२, त्यातून वजा कर म्हटलं. जमलं.

जमलं नाही ते मराठी. रकान्यात 'शिंदे' टाइप केलं, छान दिसलं. बाहेर क्लिक केलं की पाच रिकाम्या चौकटी. पीडीएफमध्ये रकान्यातली किंमत वेगळी ठेवलेली असते आणि तिचं पानावर दिसणारं चित्र वेगळं. चित्र काढायला नेमलेला फॉन्ट होता हेल्वेटिका, त्याला कुठला श नि कुठली वेलांटी. देवनागरी फॉन्ट नेमला, तर लायब्ररीनं अक्षरं टाइप केल्या क्रमानं ओळीत उभी केली, ऱ्हस्व वेलांटी श च्या मागं. दुपारी चहा पिताना ठरवलं: कर्जदाराचं नाव, खातं नंबर वगैरे आपल्याला आधीच माहीत असतं, ते अर्ज तयार होतानाच मजकूर म्हणून छापायचं. रकाने फक्त जामीनदाराला.

८ मार्च, शनिवार

साहेबांनी स्वतः भरून पाहिलं. जामीनदाराच्या रकान्यात आपलं नाव टाकलं, दुसऱ्या जामीनदारातही तेच उमटलं. दुसरं पुसून बायकोचं घातलं, तर वरचंही बदललं! मुलीनं पहिल्या जामीनदाराचे रकाने कॉपी करून खाली चिकटवले होते. दोन रकान्यांचं नाव एकच असलं की पीडीएफच्या लेखी तो एकच रकाना, दोन ठिकाणी दिसणारा. साहेब हसून म्हणाले, "एकाच माणसाला दोनदा जामीन घ्यायची सोय केलीत की!" नावं बदलली. मुलगी दिवसभर गप्प होती.

११ मार्च

आज साहेबांचा आवाज वेगळा. एका मंजुरीपत्रात व्याजदर साडेदहाऐवजी साडेअकरा पडलाय, अध्यक्षांची डिजिटल सही झालीय, "तेवढा आकडा गुपचूप बदलता येईल का? तुम्ही आत्ता शिकलाच आहात." नाही म्हणालो. सही ज्या बाइटांवर झाली त्यात एक बाइट हलली तरी तपासताना सही बाद दिसते. शेवटाला जोडून बदल केला तर सही तशीच राहते, पण नंतर फेरफार झाला हे वाचक-सॉफ्टवेअर दाखवतं, आणि जुना साडेअकराही फाइलीत राहतो, काढणाऱ्याला काढता येतो. चूक टंकलेखनाची, लबाडी नव्हती, मलाही ठाऊक आहे. पण कर्जदाराकडं पहिली प्रत गेलेली.

नवं पत्र काढा, जुनं रद्द केल्याचा उल्लेख त्यात घाला म्हटलं. अडचण एवढीच, सहीचं टोकन अध्यक्षांच्या खिशात आणि अध्यक्ष ऊसतोडीच्या टोळीमागं शेतावर.

१२ मार्च

साहेबांनी शिपाईमामांना लॅपटॉप देऊन मोटारसायकलवर शेतावर पाठवलं. साडेचारला नवं पत्र आलं, सहीसकट. उघडून तपासलं. दर साडेदहा, सही ठीक, पत्ता मात्र अजून मारुती मंदिराजवळ. मंजुरीपत्राचं टेम्प्लेट वेगळं आहे, ते मला कुणी सांगितलंच नव्हतं.