कुंडलिकेकाठी दोन दिवस

आपली माणसे प्रवास करीत नाहीत असे नाही. सहा डिसेंबरला चैत्यभूमी, धम्मचक्र प्रवर्तनदिनी नागपूर, लग्नसराईत गाव. पण नुसत्या विश्रांतीसाठी भाडे मोजून दोन दिवस कुठे जाऊन राहणे ही आपल्या वस्तीत अजून चैनच समजली जाते. आपल्या मायभगिनींना तर सुट्टी म्हणजे पाहुण्यांचा जादा स्वयंपाक. म्हणून यंदा फेब्रुवारीत आम्ही चार कुटुंबे, लहानथोर मिळून सतरा जण, रायगड जिल्ह्यात कोलाडला कुंडलिका नदीकाठी राहून आलो.

इथे नदीच्या काठाने आता भाड्याची बरीच घरे झाली आहेत. काही कौलारू, काही सिमेंटचे बंगले. पहिल्या ठिकाणी फोन केला. माणसे किती, जेवण कसले, एवढे बोलून झाल्यावर विचारणा झाली, "आडनाव काय म्हणालात?" सांगितले. "गाव कुठलं?" तेही सांगितले. मग घर भरलेले निघाले. अर्ध्या तासाने कचेरीतल्या एका सहकाऱ्याने त्याच तारखा विचारल्या, तेव्हा घर रिकामे होते. त्याच्याच नावावर घ्यावे, आपले काम होण्याशी मतलब, असा एक विचार निघाला. बायकांनी तो हाणून पाडला. उसन्या आडनावाने झोप लागायची नाही, असे आमच्या वहिनी म्हणाल्या. दुसरे घर मिळाले. तिथे आडनाव पावतीपुरतेच विचारले. रात्रीचे नऊ हजार, म्हणजे माणशी साडेपाचशेच्या आत. दिव्याहून सकाळी सुटणारी सावंतवाडी गाडी कोलाडला थांबते, त्यामुळे जाण्याचा खर्चही बेताचाच झाला.

कुंडलिका भर उन्हाळ्यातही वाहते, त्यामागे मोठी गोष्ट आहे. मुळा नदीचे पाणी मूळचे पूर्वेला जाणारे. पुणे जिल्ह्यात मुळशीला धरण बांधून ते अडवले, नळांतून सह्याद्रीखाली भिऱ्याच्या वीजघरात उतरवले आणि वीज करून झाल्यावर ते या नदीत सोडले जाते. या धरणासाठी मावळच्या शेतकऱ्यांच्या जमिनी बुडाल्या. त्याविरुद्ध १९२१ साली मुळशी सत्याग्रह झाला, तरी धरण झालेच. भिऱ्याचे वीजघर १९२७ साली सुरू झाले. त्याच वर्षी २० मार्चला बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. म्हणजे एकीकडे अख्ख्या नदीची दिशा फिरवण्याइतकी ताकद होती आणि त्याच जिल्ह्यात माणसाला घोटभर पाणी घेऊ दिले जात नव्हते. महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव १९२४ सालीच केला होता. तो कागदावरच राहिला.

या सोडलेल्या पाण्यावरच सकाळी रबरी होड्या चालतात. त्यांचे दर आम्हाला परवडणारे नव्हते. काठावर बसून फुकट पाहिले, तीही करमणूक कमी नव्हती. पण इथे मुले घेऊन जाणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे. सकाळी मुले गुडघाभर पाण्यात खेळत होती, तेव्हा घर राखणारे काका धावत आले. "दादा, पोरांना वर घ्या, पाणी सोडायची येळ झाली." थोड्याच वेळात मुले उभी होती ते दगड दिसेनासे झाले. वर ना ढग ना पाऊस, आणि नदी चढलेली! तेव्हा स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नये. पावसाळ्यात तर उतरूच नये.

रात्रीचा स्वयंपाक ठरल्याप्रमाणे पुरुषांनी केला. कोंबडीचा रस्सा जरा खारट झाला, पण आमच्या वहिनी, भावजया पडवीत पाय पसरून बसल्या होत्या आणि ताट हातात आयते येत होते. तक्रार कोण करणार? काकांच्या घरच्या मावशींनी तांदळाच्या भाकऱ्या थापून दिल्या. त्यांनाही आमच्या पंगतीला बसवले. जेवणाआधी मुलांनी त्रिसरण-पंचशील म्हटले.

दुसऱ्या दिवशी एस.टी.ने माणगावमार्गे महाड गाठले. गावाच्या अलीकडेच गांधारपाल्याची बौद्ध लेणी डोंगरात दिसतात. म्हातारी माणसेही सावकाश चढली. विहारांतल्या दगडी बाकांवर थंडावा होता, तिथे थोडा वेळ शांत बसलो. दुपारी चवदार तळ्यावर आलो. बाबासाहेबांच्या पुतळ्याला वंदन करून पायऱ्यांवर टेकलो, तर आमच्या धाकट्याने विचारले, "आजी, इथं पाणी किती वाजता सोडतात?"

आजीने त्याला जवळ बसवून घेतले आणि पार बोटीने लोक दासगावला उतरले तिथपासून सांगायला सुरुवात केली. मुंबईची एस.टी. गाठायला आम्हाला धावावे लागले.