चेंडू आणि बिअर एकाच बोटीने आले

प्रिय निखिल,



विश्वचषकाचे सामने एडिसनला तुझ्या घरी सगळ्या मित्रांनी मिळून बघायचं ठरलंय आणि दर सामन्याला खेळणाऱ्या देशाची बिअर टेबलावर ठेवायचा तुझा बेत आहे, हे ताईकडून कळलं. मामाची उमेद वाळूजच्या ब्रुअरीत गेली, तेव्हा यादी त्याच्याकडूनच घ्यायची, हा तुझा हट्ट मला मनापासून आवडला. इकडे पुण्या-मुंबईत, गोव्यात तुझ्या वयाची कितीतरी मुलं यंदा रात्र रात्र जागणार आहेत. त्यांनाही उपयोग व्हावा म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय.

११ जून ते १९ जुलै, ४८ संघ, १०४ सामने. नुसता झेंडा बघून बाटल्या आणल्यास तर महिनाभर तू जवळपास एकच बिअर पिशील. बहुतेक देशांत सगळ्यात जास्त खपते ती फिकट पिवळी, हलकी, थंडगार लागर. लेबल बदलतं, आतला माल फारसा बदलत नाही. म्हणून मी वेगळी वाट सुचवतो. त्या देशात बिअर कोणी नेली ते बघ. शोधायला गेलास की दिसेल, बहुतेक ठिकाणी त्याच सुमाराला, त्याच बंदरांतून फुटबॉलही उतरलेला आहे. जर्मन माणूस माल्ट आणि यीस्ट घेऊन आला, इंग्रज किंवा स्कॉटिश माणूस चेंडू घेऊन आला, आणि दोन्ही गोष्टी तिथल्या लोकांनी पाहता पाहता आपल्याशा केल्या.

पहिलाच सामना घे. मेक्सिको सिटीत मेक्सिको विरुद्ध दक्षिण आफ्रिका. व्हेराक्रूझ बंदरातून राजधानीकडे चढत जाणाऱ्या रेल्वेवर ओरिसाबा नावाचं गाव आहे. तिथल्या मोक्तेसुमा ब्रुअरीत विल्हेल्म हासे या जर्मन माणसाने १८९७ मध्ये एक बिअर काढली. विसावं शतक तोंडावर आलं होतं, म्हणून बाटलीवर दोन एक्स, म्हणजे रोमन वीस. तीच आजची दोस एक्विस. तिची तांबूस, आंबर नावाची जात आण. तिचं कूळ व्हिएन्नाचं. अँटोन ड्रेहरने १८४१ मध्ये तिथे ही तांबूस लागर बनवली. खुद्द ऑस्ट्रियात ती मागे पडली, पण मेक्सिकोत टिकली. आता दुसरी बाजू ऐक. याच ओरिसाबात तागाच्या गिरणीत नोकरीला आलेल्या स्कॉटिश मंडळींनी फुटबॉलचा संघ बांधला आणि १९०२-०३ मध्ये मेक्सिकोची पहिली लीग जिंकली. एकाच गावात, पाच-सहा वर्षांच्या अंतराने हे दोन्ही घडलं. पहिल्या सामन्याला याहून योग्य बाटली मला सुचत नाही.

दक्षिण आफ्रिकेची गोष्ट मात्र बोटीची नाही, आणि ती माझ्या फार जवळची आहे. तिथली खरी बिअर उम्कोम्बोथी. मका आणि मोड आणून वाळवलेली ज्वारी यांची ती करतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या ती बायकांनीच केलेली आहे. गढूळ, आंबूस, दाट, चढायला बेताची. ज्वारी म्हणजे आपलीच ज्वारी, निखिल, जिच्या भाकरीवर तुझी आई आणि मी वाढलो. ज्वारीचं माल्ट करणं सोपं नाही. बार्लीच्या मानाने तिचा स्टार्च फुटायला जास्त उष्णता लागते आणि त्याची साखर करणारे एन्झाइम तिच्यात कमी असतात. कुठलीही यंत्रं हाताशी नसताना, नुसत्या हाताच्या अंदाजाने त्या बायकांनी हे जमवलं, याचं मला ब्रुअर म्हणून मोठं अप्रूप वाटतं. उम्कोम्बोथी तुला तिकडे सहज मिळणार नाही. ज्वारीपासून केलेली रेडब्रिज नावाची अमेरिकन बिअर आहे. चव निराळी, पण धान्य तेच. ती एकदा तरी आण आणि मित्रांना ही हकीकत सांग.

अर्जेंटिनाला किल्मेस. ब्वेनोस आयरेसच्या दक्षिणेला असलेल्या किल्मेस गावात ओटो बेंबर्ग या जर्मन माणसाने १८८८ मध्ये ही ब्रुअरी उभी केली. त्याच गावचा फुटबॉल क्लब १८८७ चा, इंग्रजांनी काढलेला. ब्राझीलकडे चार्ल्स मिलर इंग्लंडमधलं शिक्षण संपवून १८९४ मध्ये साओ पाउलोला परतला तो सामानात चेंडू घेऊन. त्याआधीच रिओमध्ये एका स्विस माणसाने ब्रह्मा ब्रुअरी काढलेली होती. चवीच्या दृष्टीने या दोन्ही साध्या लागर आहेत. भरपूर गार करून, सोबत काहीतरी तळलेलं देऊन मोकळा हो.

इंग्लंडपाशी मात्र थांब. फुटबॉलचे नियम ठरवणारी फुटबॉल असोसिएशन २६ ऑक्टोबर १८६३ ला लंडनच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्ये स्थापन झाली, म्हणजे या खेळाचा कारभारच मद्यालयातल्या बैठकीतून सुरू झाला. ॲनफिल्डचा मालक जॉन होल्डिंग हा ब्रुअर. त्याच्याशी बिनसलं म्हणून १८९२ मध्ये एव्हर्टन मैदान सोडून गेलं, आणि रिकाम्या मैदानासाठी होल्डिंगने नवा क्लब काढला, तो लिव्हरपूल. कर्जात बुडालेल्या न्यूटन हीथला १९०२ मध्ये जॉन हेन्री डेव्हिस या दुसऱ्या ब्रुअरने वाचवलं आणि त्याचं मँचेस्टर युनायटेड झालं. तू आणि तुझे मित्र ज्या दोन क्लबांवरून भांडता, ते दोन्ही बिअरच्या पैशावर उभे राहिलेत.

२७ जूनला इंग्लंड-पनामा सामना तुमच्याच ईस्ट रदरफोर्डला आहे. त्या दिवशी इंग्लिश बिटर आण. मद्यार्क चार टक्क्यांच्या आसपास. आपल्याकडे आठ टक्क्यांची स्ट्राँग पिऊन वाढलेल्या मंडळींना ती आधी पाणचट वाटते. पण नव्वद मिनिटांचा खेळ डोळे उघडे ठेवून बघायचा असेल, तर मला विचारशील तर तिच्या तोडीची दुसरी बिअर नाही. फक्त फ्रिजमधून काढल्यावर वीसेक मिनिटं बाहेर ठेव. दहा-बारा अंशांवर आली की बिस्किटासारखं माल्ट आणि हॉप्सचा गवती वास वर येतो. बर्फासारखी गार प्यायलीस तर यातलं काहीच हाती लागणार नाही. अमेरिकेच्या सामन्याला आयपीए ठेव. तिचं मूळ अठराव्या-एकोणिसाव्या शतकात इंग्लंडहून कलकत्त्या-मुंबईच्या गोऱ्या साहेबांसाठी बोटीत चढलेल्या कडवट पेल एलमध्ये आहे. अमेरिकेने तिला स्वतःचे हॉप्स दिले. १९७२ मध्ये आलेल्या कॅस्केड जातीचा संत्र्या-मोसंब्यांच्या सालीसारखा वास एकदा नाकाला कळला की पुढे कुठेही ओळखू येतो.

नेदरलँड्स-जपान सामना १४ जूनला आहे. जपानसाठी किरिन. योकोहामात विल्यम कोपलंड या नॉर्वेत जन्मलेल्या अमेरिकन माणसाने काढलेल्या ब्रुअरीच्या जागी ती उभी राहिली, आणि १९७८ पासून ती जपानी फुटबॉलच्या पाठीशी आहे. जपानी संघ जगात कुणी मोजत नव्हतं, तेव्हापासून. पुरस्कर्ता असावा तर असा.

याच्या उलट जे चालतं त्याचा मला राग आहे, तोही लिहून टाकतो. बडवायझर १९८६ पासून विश्वचषकाची अधिकृत बिअर आहे. २००६ मध्ये जर्मनीत, एवढ्या ब्रुअरींच्या देशात, स्टेडियममध्ये स्थानिक बिटबुर्गर विकता यावी म्हणून वाटाघाटी कराव्या लागल्या. त्याच वर्षी बव्हारिया या डच ब्रुअरीने वाटलेल्या नारिंगी विजारी घालून आलेल्या प्रेक्षकांना श्टुटगार्टला त्या दारातच उतरवायला लावल्या. कित्येकांनी अंतर्वस्त्रांत सामना पाहिला. २०१० मध्ये जोहान्सबर्गला त्याच ब्रुअरीचे नारिंगी झगे घातलेल्या ३६ मुलींना बाहेर काढलं. ब्राझीलने मारामाऱ्या थांबाव्यात म्हणून २००३ मध्ये स्टेडियममध्ये दारूबंदी केली होती. २०१४ च्या स्पर्धेसाठी फिफाने त्यांना कायदा वाकवायला लावला. आणि २०२२ मध्ये कतारने सुरुवातीला दोन दिवस उरले असताना स्टेडियमभोवतीची बिअर बंद केली, तेव्हा तीच फिफा गप्प बसली. यजमानाचे रीतिरिवाज मानायचे तर सगळीकडे मानावेत. म्हणूनच तुझ्या घरातलं टेबल मला स्टेडियमपेक्षा मोलाचं वाटतं. तिथे काय ठेवायचं हे कुणी विकत घेतलेलं नाही.

जर्मनीला गव्हाची बिअर, हेफवाइत्सन. ओतताना शेवटचा बोटभर भाग बाटलीतच घोळव आणि तळाशी बसलेल्या यीस्टसकट ग्लासात घे. पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास यीस्टमुळेच येतो. बेल्जियमला ट्रॅपिस्ट मठातली ओर्व्हाल, पण ती सामना संपल्यावर, निवांत.

बाटल्या घेताना काचेचा रंग बघ. आमच्या प्रयोगशाळेत नवीन मुलाला पहिला धडा हाच द्यायचो. एकाच टँकमधली बिअर तपकिरी, हिरव्या आणि पांढऱ्या काचेत भरून खिडकीत उन्हात ठेवायची आणि मग झाकण काढून नुसती हुंगायला द्यायची. तपकिरी ठीक असायची. हिरवीला किंचित उग्र दर्प. पांढऱ्या काचेतली नाकाजवळ नेली की मुलगा मान मागे घ्यायचा. प्रकाशाने हॉप्समधला कडू अंश तुटतो आणि गंधकाचं एक संयुग तयार होतं. तुमच्याकडच्या स्कंकच्या वासाशी त्याचं जवळचं नातं आहे. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली पडून राहिलेल्या हिरव्या बाटलीचंही हेच होतं. तेव्हा शक्यतो कॅन घे, नाहीतर तपकिरी बाटली, आणि तारीख वाचल्याशिवाय उचलू नकोस.

१३ जूनचा ब्राझील-मोरोक्को सामनाही तुमच्याकडेच आहे. मोरोक्कोसाठी पुदिना घातलेला हिरवा चहा कर, भरपूर साखरेचा, उंचावरून पेल्यात ओतलेला. तुझ्या मित्रांत न पिणारे आहेत, त्या दिवशी कुणाला गाडीही चालवायची असेल. त्यांना सोड्याचा कॅन हातात देऊन कोपऱ्यात बसवू नकोस. त्यांच्यासाठीही बिअरइतक्याच मनाने काही केलेलं असू दे. पिणाऱ्यांसाठी माझा नियम साधा आहे: दर हाफला एक ग्लास. गोल कुणी केला हे दुसऱ्या दिवशी आठवलं पाहिजे.

फायनलला कोण येईल ते आज कोण सांगणार? तरी फायनलची बिअर मी आत्ताच ठरवून देतो. पिल्सनर उर्केल. पिल्झेनच्या लोकांनी १८३८ मध्ये नासलेल्या बिअरची ३६ पिंपं नगरभवनासमोर ओतली, स्वतःची नवी ब्रुअरी बांधली आणि बव्हारियातून योझेफ ग्रोल या ब्रुअरला बोलावलं. ऑक्टोबर १८४२ मध्ये त्याने तिथलं मऊ पाणी, फिकट माल्ट आणि झाटेत्सचे हॉप्स यांची जी सोनेरी बिअर काढली, तिची नक्कल पुढे साऱ्या जगाने केली. ब्राझील, जपान, आमचं वाळूज, सगळे तिचेच वंशज. कुठलेही दोन संघ आले तरी ती दोघांचीही असेल. ग्लास गार पाण्याने विसळ, पुसू नकोस, आणि फेस चांगला तीन बोटं येऊ दे.

१९ जुलैला तुमच्याकडे दुपारी तीनला सामना सुरू होईल. बिअर आदल्या रात्रीच फ्रिजमध्ये ठेव आणि मध्यंतरात मला फोन कर. इथे रात्रीचा एक वाजून गेलेला असेल, पण मी जागाच असणार.

तुझा,
मामा