गर्जना कोणाची?

पदव्युत्तर वर्गाला अनुवाद शिकवताना ‘रोअर’ हे इंग्रजी क्रियापद दरवर्षी आडवे येते. कोशात त्याच्यासमोर ‘गर्जणे’ असते आणि विद्यार्थी निश्चिंत होतात. पण इंग्रजीत सिंह ‘रोअर’ करतो, तसाच समुद्र, इंजिन, शेकोटीतला जाळ आणि पोट धरून हसणारा माणूसही. तेजीत चाललेल्या धंद्यालाही हेच विशेषण. दक्षिण गोलार्धात ४० ते ५० अक्षांशांदरम्यान वाहणाऱ्या पश्चिमी वाऱ्यांना खलाशांनी ‘रोअरिंग फॉर्टीज’ म्हटले; आपल्या भूगोलाच्या पुस्तकांत ते ‘गरजणारे चाळीस’ होऊन आले.

मराठीचा स्वभाव निराळा आहे. इथे आवाज ज्याचा त्याला वाटून दिलेला असतो. वाघाची डरकाळी, बैलाचे डुरकणे, इंजिनाची धडधड, माणसाचे खदखदून हसणे. ‘गर्जना’ उरते ती सिंहाला, मेघाला आणि पुढाऱ्याला. आणि ‘गरजेल तो पडेल काय’ असे विचारून तिच्याविषयी संशयही बाळगलेला. हसणाऱ्या माणसात इंग्रजीला दिसणारा सिंह त्यामुळे मराठीत हरवतो. हा तोटा अनुवादकाने सोसावाच.

खरा पेच ‘द क्राउड रोअर्ड’ या साध्या वाक्यात आहे. ज्याचा कान तयार आहे असा विद्यार्थी ‘जमाव गर्जला’ टाळतो आणि ‘मैदान दुमदुमले’ लिहितो. मराठी अस्सल आहे. पण कर्ता बदलला आहे. इंग्रजी क्रियापद गळ्यापाशी उभे असते. आपली दणाणणे, दुमदुमणे, निनादणे ही क्रियापदे आवाज जिथे पोहोचतो ती जागा कर्त्याच्या स्थानी बसवतात. ‘कानठळ्या बसल्या’ म्हणताना तर आपण थेट ऐकणाऱ्याकडे जातो. ओरडणारा मात्र वाक्यातून निघून गेलेला असतो. ‘घोषणांनी परिसर दणाणून गेला’ हे वर्तमानपत्री वाक्य पाहावे. घोषणा तृतीयेत आहेत. त्या देणारी माणसे कोणत्याच विभक्तीत नाहीत.

वारीच्या वर्णनात ही रचना शोभते. टाळ-मृदंगाने पंढरी दुमदुमते तेव्हा ‘मी’ने विरघळावे हीच तिथली अपेक्षा असते. पण एकट्या माणसाच्या दारासमोर जमलेल्या संतप्त जमावाचे वर्णन असेल, तर कोण ओरडले हे सांगणे लेखकाची जबाबदारी ठरते आणि अनुवादकाचीही. तिथे ‘लोक एकदम ओरडले’ हे फिके वाक्य मी अधिक प्रामाणिक मानतो.

एका विद्यार्थिनीने यावर घेतलेला आक्षेप नोंदवण्याजोगा आहे. तिचे म्हणणे असे, की निवेदक त्या दाराच्या आत असेल, तर त्याला माणसे दिसतच नाहीत. भिंती हादरलेल्या तेवढ्या जाणवतात. मग ‘घर दणाणले’ हेच खरे. हे मान्य करावे लागते. तेव्हा कोश उघडण्याआधी निवेदक दाराच्या कोणत्या बाजूला उभा आहे, ते पाहावे.